नाडीची साक्ष

गेल्या गणेशोत्सवात आमच्या शेजारच्या एका गृहसंकुलात आरतीगायनाची स्पर्धा झाली आणि तिच्या निकालावरून जो वाद पेटला तो अनंत चतुर्दशीनंतरही विझला नाही. आरती जलद लयीत म्हणणाऱ्या तरुणांच्या एका संघाचे गुण कापताना परीक्षकांनी शेरा लिहिला होता की लय नैसर्गिक नाही. त्यांचे म्हणणे असे की माणसाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ७२ आणि आपल्या पूर्वजांनी मध्यलय त्यावरच बेतलेली आहे. तरुणांचे उत्तरही तितकेच ठाम होते : नैसर्गिक वगैरे काही नसते, कानाला जे वळण लागते तेच बरे वाटते, तुमच्या कानांना जुने वळण, आमच्या कानांना नवे. मी दोन्ही पक्षांच्या ओळखीचा, त्यात पंचवीस वर्षे तबल्याला हात लावत आलेला, म्हणून कौल मागायला दोघेही माझ्याकडे आले. मला कोणालाच कौल देता आला नाही, कारण दोघांची भूमिका निम्मी बरोबर आणि दोघांचे पुरावे पूर्ण चुकीचे होते. हा वाद काही त्या संकुलापुरता नाही. मैफलीनंतरच्या चहाच्या टेबलावर, संगीताच्या शिकवण्यांत आणि सकाळी सहा वाजता येऊन पडणाऱ्या आरोग्यविषयक संदेशांत तो याच शब्दांत, याच आकड्यासह चाललेला असतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. लयीच्या आवडीत आणि लयीच्या आठवणीत शरीराचा वाटा निश्चित आहे, पण तो हृदयाचा नाही; हातापायांचा आणि जिभेचा आहे. शिवाय शरीर आपल्याला एखादा आकडा देत नाही, एक पट्टा देते, आणि त्या पट्ट्यात नेमके कुठे उभे राहायचे हे काम, वय, संगत, घराणे आणि आठवण ही मंडळी ठरवतात. तेव्हा लयीच्या भांडणात नाडीला साक्षीला बोलावणे थांबवले पाहिजे. त्या साक्षीदाराने घटना पाहिलेलीच नाही.

आरतीपासूनच सुरुवात करू. एका बैठकीच्या खोलीत वीस माणसे उभी आहेत. त्यांत ऐंशीच्या आजी आहेत, ज्यांचे हृदय गोळीमुळे मिनिटाला ५८ वर बांधून ठेवले आहे. पाच मजले धावत चढून आलेला नातू आहे, ज्याचे १२० च्या वर गेले आहे. कडेवरचे सहा महिन्यांचे बाळ आहे, ज्याचे शांत असतानाही शंभराच्या पुढेच असते. वीस छात्या, वीस वेग. टाळी मात्र एक. पहिल्या दोन ओळी इकडेतिकडे होतात, मग झांजवाला जरा जोर धरतो आणि तिसऱ्या ओळीला सगळी खोली एका हातावर येते. या एकीत हृदयाने काय केले? कोणाचे हृदय कोणाला ऐकू आले? जे ऐकू आले आणि दिसले ते हात होते. पुढे ‘घालीन लोटांगण’ला लय चढत जाते आणि शेवटी दुगुनीच्या, म्हणजे दुप्पट गतीच्या, आसपास पोहोचते, हा महाराष्ट्रातल्या घराघरांतला अनुभव आहे. ती लय कोणी ठरवून चढवत नाही. टाळीतला प्रत्येक जण शेजारच्याच्या किंचित आधी पडू पाहतो, कोणालाच मागे राहायचे नसते आणि ही केसभर घाई साठत जाते. परीक्षकांनी ज्या घाईला अनैसर्गिक म्हटले, तिच्याइतकी नैसर्गिक गोष्ट त्या खोलीत दुसरी नव्हती.

आता हृदयपक्षाला त्याचे श्रेय द्यायला हवे, कारण ही कल्पना काही मोबाइलवर जन्मलेली नाही. मिलानच्या फ्रांकिनस गाफुरियुसने १४९६ साली छापलेल्या ग्रंथात संगीताच्या कालमापनाची सांगड शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीशी घातली होती. पुढे १७५२ मध्ये, प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा बासरीगुरू योहान योआखिम क्वांट्झ याने आपल्या पाठ्यपुस्तकात मिनिटाला सुमारे ८० ठोक्यांची नाडी हे सर्व लयींचे माप म्हणून सुचवले. त्या काळी विद्यार्थ्याच्या हाताशी दुसरे फुकटचे यंत्र नव्हते, त्यामुळे ही सूचना मूर्खपणाची मुळीच नव्हती. पण क्वांट्झ स्वतः किती सावध होता ते पाहण्यासारखे आहे. त्याला कोणाचीही, कोणत्याही वेळची नाडी चालत नाही. दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंतची, निरोगी, आनंदी आणि थोड्या तापट स्वभावाच्या माणसाची नाडी त्याला हवी आहे. ज्या मापाला इतक्या अटी घालाव्या लागतात, त्या मापाला माप म्हणायचे का? सराफाने ‘हा तराजू जेवण झाल्यावर आणि मालक खूश असतानाच बरोबर वजन दाखवतो’ असे सांगितले तर आपण सोने घेऊ का?

इतिहासाने हा प्रश्न फार पूर्वीच उलटा फिरवला आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सांतोरियो या इटालियन वैद्याने लंबकाची दोरी कमीजास्त करून रोग्याची नाडी मोजण्याचे उपकरण वापरले आणि १७०७ मध्ये इंग्लंडच्या जॉन फ्लोयरने नाडी मोजण्यासाठी खास घड्याळ पुढे आणले. म्हणजे नाडीने काळ मोजण्याऐवजी काळाने नाडी मोजायची वेळ आली, आणि ती आली याचे कारण साधे होते : नाडी स्थिर नाही. श्वास आत घेताना ती थोडी जलद होते आणि सोडताना सावकाश, हे निरोगी हृदयाचेच लक्षण मानले जाते. असल्या ठोक्यांवर कोणी त्रिताल वाजवला तर गुरुजी तबला मिटून ठेवतील. १८१५ मध्ये मेल्त्सेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले आणि दोन वर्षांत बेथोव्हनने आपल्या रचनांचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांतले कित्येक आकडे वादकांना आजही अशक्य कोटीतले जलद वाटतात आणि त्यावर दोनशे वर्षे खल चालू आहे. खुद्द रचनाकाराने आकडा लिहून दिल्यावरही ‘योग्य लय कोणती’ हा प्रश्न मिटला नाही, तो ७२ या सरासरीने मिटेल अशी आशा कशी धरायची?

‘आपल्या पूर्वजांनी’ हे शब्द परीक्षकांनी वापरले होते म्हणून पूर्वजांकडे वळू. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने, देवगिरीला बसून ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. महाराष्ट्राच्या मातीवर लिहिलेला हा संगीताचा सर्वांत मोठा ग्रंथ. त्यात मात्रेचे माप दिले आहे ते पाच लघु अक्षरे उच्चारायला लागणाऱ्या काळाचे. क-च-ट-त-प असे सलग म्हणून पाहा. ती शार्ङ्गदेवाची मात्रा. त्याआधी नाट्यशास्त्राच्या परंपरेत निमेष, म्हणजे पापणी लवायला लागणारा वेळ, हे माप आहे. पाणिनीय शिक्षा तर पशुपक्ष्यांकडे जाते : चाष (नीलकंठ) एका मात्रेने बोलतो, कावळा दोन, मोर तीन आणि मुंगूस अर्ध्या मात्रेने. जीभ, पापणी, पाखराची साद, सगळे आहे. हृदय नाही. आणि त्यांना नाडी माहीत नव्हती असेही म्हणता येत नाही. ‘शार्ङ्गधरसंहिते’त (हा शार्ङ्गधर वेगळा, नावांच्या साम्याने मीही एकदा फसलो आहे) नाडीपरीक्षा आहेच, पण तिथे वैद्य ठोके मोजत नाही, चाल ओळखतो. वातात नाडी जळूसारखी आणि सापासारखी चालते, पित्तात कावळ्याबेडकासारखी, कफात हंसासारखी आणि पारव्यासारखी. ज्या परंपरेने लय नाडीवर बेतली असे आपण सांगत फिरतो, तिने उलट नाडी समजावून सांगण्यासाठी प्राण्यांच्या चालीचा आधार घेतला. आपल्या बोलीत गाण्याच्या धुनेला ‘चाल’च म्हणतात, हे जाता जाता.

तरीही शरीराची आतली स्थिती आणि काळाचा अनुभव यांचा काही संबंधच नाही असे म्हणणे खोटे ठरेल, आणि हृदयपक्षाचा खरा जोर इथे आहे. हडसन होगलंड या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाची पत्नी तापाने आजारी होती. तो औषध आणायला गेला, लवकरच परतला, तर ती म्हणाली, ‘किती वेळ लावलास!’ होगलंडने लगेच तिला सेकंदाच्या अंदाजाने साठ आकडे मोजायला लावले आणि तिचा ताप जितका जास्त, तितके तिचे मोजणे जलद होते असे त्याला आढळले. १९३३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. (आजारी बायकोला आकडे मोजायला लावणाऱ्या नवऱ्याविषयी वाचकांनी आपापले मत करावे.) म्हणजे आतली गरमी वाढली की आतले घड्याळ पळते. २००६ मध्ये इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी उलट दिशेने पाहिले : वेगवेगळ्या प्रकारचे संगीत ऐकवले आणि श्वास, रक्तदाब, हृदयगती नोंदवल्या. जलद लयीने श्वास आणि हृदय दोन्ही जलद झाले, आणि कोणत्या शैलीचे संगीत आहे यापेक्षा लय किती आहे याचा परिणाम मोठा होता. ऐकवलेल्या तुकड्यांत एक राग होता. हे सगळे मान्य.

पण यातून निघते काय? लय बदलली की हृदय थोडे सरकते, हे निघते. हृदय लयीइतके होते किंवा लय हृदयाइतकी असावी, हे निघत नाही. पावसाने अंगण ओले होते म्हणून पावसाचा वेग अंगणाने ठरवला असे कोणी म्हणत नाही. त्याच प्रयोगातली दुसरी नोंद तर संगीतोपचाराच्या बाजारात कोणी सांगतच नाही : मध्येच दोन मिनिटांची शांतता सोडली तेव्हा हृदयगती आणि रक्तदाब सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. सर्वांत शांत करणारी गोष्ट म्हणजे संगीत थांबणे. एका योगवर्गात मला ‘७२ ठोक्यांचे आरोग्यसंगीत’ म्हणून एक तबकडी विकत देण्यात आली होती. तिच्यातला माझ्या प्रकृतीला सर्वांत मानवलेला भाग दोन तुकड्यांमधला होता असे आता कळते.

जपानच्या माकोतो इवानागा यांनी १९९५ च्या सुमारास मांडलेला विचार अधिक नेमका आहे, म्हणून त्याला वेगळे उत्तर द्यायला हवे. माणसाला आवडणारी लय त्याच्या स्वतःच्या हृदयगतीच्या एक, दीड किंवा दुप्पट पटीत असते असे त्यांना वाटले. आता हिशेब करा. ठोके ७० असतील तर ७०, १०५ आणि १४० या तिन्ही लयी चालल्या. दोन्ही बाजूंना थोडी सूट दिली की मध्यलयीपासून द्रुतापर्यंतचा बहुतेक प्रदेश व्यापला गेला. जाळे इतके रुंद टाकल्यावर कोणता मासा सुटेल? या अशा पटींच्या जोरावर मी माझ्या पंख्याच्या फेऱ्यांशीही भूपाची बंदिश जुळवून दाखवीन.

मग शरीराचा कोणता भाग बोलतो? मला याचे उत्तर दिवे घाटात मिळाले. पुण्याहून सासवडला जाताना ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी हा घाट चढते. रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि माणसे मात्र आहेत त्याच पायांवर चढतात. त्या वर्षी मी एका दिंडीत टाळकऱ्यांच्या मागच्या ओळीत होतो. सपाटीवर पखवाज, टाळ आणि पाऊल अशी काही बसलेली होती की चालणे वेगळे जाणवत नव्हते. चढ लागला तशी छाती भात्यासारखी चालू लागली. माझ्या पुढचा साठीचा टाळकरी बोलता येईना इतका धापत होता. नाडी लयीची मालकीण असती, तर त्या वळणावर अभंगाची दुगुन व्हायला हवी होती. झाले उलटे. पाऊल जड झाले, आखूड झाले आणि अभंग त्याच्याबरोबर सावकाश झाला. टाळ दोन पावलांमधली जागा भरेपर्यंत थांबू लागले. शेकडो हृदये द्रुतात आणि दिंडी ठाय लयीत. माथ्यावर वारा लागला, पावले मोकळी झाली आणि कोणीही खूण न करता लय पूर्वपदावर आली. हृदये मात्र अजून उतरायची होती.

प्रयोगशाळाही साधारण हेच सांगते. पॉल फ्रेस या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने माणसाला ‘तुला सोयीची वाटेल अशी टिचकी मार’ एवढेच सांगितल्यावर काय होते याचा दीर्घ अभ्यास केला. दोन टिचक्यांत साधारण ६०० मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला शंभराच्या आसपास, असा मध्य निघतो. पण माणसामाणसांत अंतर मोठे, सुमारे ३८० पासून ८८० पर्यंत, आणि एकच माणूस मात्र पुन्हापुन्हा आपल्याच वेगाजवळ येतो. मॅकडूगल आणि मूर यांनी २००५ मध्ये लोकांच्या दिवसभराच्या हालचाली नोंदवल्या तेव्हा चालण्याचा वेग सेकंदाला दोन पावलांवर एकवटलेला आढळला, आणि पाश्चात्त्य संगीताच्या मोठ्या साठ्यातल्या लयींची गर्दीही त्याच जागी, मिनिटाला १२० च्या आसपास, दिसली. जगभरच्या फौजांची जलद कूच याच आकड्याजवळ असावी, यात कवायतीच्या पुस्तकाचे कौतुक थोडे आणि मांडीच्या हाडाचे जास्त. यातला एकही आकडा ७२ नाही.

मला सर्वांत पटलेला प्रयोग बाळांचा आहे. फिलिप्स-सिल्व्हर आणि ट्रेनर यांनी २००५ मध्ये सात महिन्यांच्या बाळांना एकच संदिग्ध ठेका ऐकवला, ज्यात जोर कुठेच दिलेला नव्हता. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला हातावर झुलवले, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेले दोन्ही ठेके वाजवले तेव्हा ज्या बाळाला जसे झुलवले होते त्याने तोच ठेका अधिक वेळ ऐकला. आपल्याकडे हेच काम पाळण्याची दोरी करते. बाळाला तीन-तीन मात्रांचा दादरा आवडतो की चार-चार मात्रांचा केहरवा, याचे पहिले संस्कार आजीच्या मनगटातून होतात, आणि तिथे शरीर व सवय यांना वेगळे काढायला सुरी कुठे लावणार?

इथे तरुणांचा पक्ष पुढे सरसावेल : म्हणजे सगळी सवयच ना? त्यांच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा मीच त्यांना देतो. कोल्हापूर आणि मिरज यांत पन्नास किलोमीटरचे अंतर नाही. कोल्हापूरला अल्लादियाखाँ यांनी जयपूर-अत्रौली घराण्याची अशी गायकी रुजवली, जिची विलंबित (संथ लय) मध्याकडे झुकलेली आणि लयीशी सतत बिलगलेली असते. मिरजेला अब्दुल करीमखाँ यांचे किराणा घराणे, जिथून सुराच्या बढतीची ओढ पुढच्या पिढ्यांना अधिकाधिक ठाय लयीत घेऊन गेली. दोन्ही गावांत पाणी तेच, भाकरी तीच, हृदये तीच. आवड वेगळी. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांनी अतिविलंबित झुमरा तालाची अशी गोडी लावली की ज्यांना आधी ती लय रेंगाळलेली वाटत होती त्यांनाच नंतर बाकीचे गायक घाईत वाटू लागले. सवयीचे सामर्थ्य याहून काय दाखवायचे?

पण याच अतिविलंबिताच्या पोटात शिरून पाहिले की सवयपक्षाचाही तोल जातो. विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे आवर्तन आज पाऊण मिनिटाचे सहज असते. म्हणजे एका मात्रेला जवळपास चार सेकंद. दोन ठोक्यांत दोनेक सेकंदांहून जास्त अंतर पडले की मनाला त्यांची साखळी जोडता येत नाही, ते सुटे सुटे ऐकू येतात. मग गायकाला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडते कशी? तबलजीकडे पाहा. तो धिं वाजवून चार सेकंद हात बांधून बसत नाही. प्रत्येक मात्रेचे चार भाग करून त्यांत भरणा करतो आणि कानाला दर सेकंदाला एक आधार मिळतो. श्रोत्याची मान मात्रेला हलत नाही, या आधारांना हलते. दुसऱ्या टोकाला, सतारीचा झाला, म्हणजे वादनाच्या शेवटचा अतिजलद भाग, मिनिटाला चारशे मात्रांच्या पुढे गेला की कोणाचाही पाय प्रत्येक मात्रेला पडत नाही; तो चार-चार मात्रांची मोळी बांधतो आणि पुन्हा शंभराच्या आसपास येतो. विलंबितात आपण मात्रा फोडतो, द्रुतात बांधतो, आणि दोन्हीकडून त्याच पट्ट्यात परततो. घराण्यांनी ताल ताणले, आटवले, काय काय केले, पण या पट्ट्याबाहेर राहायला कोणतेही घराणे गेले नाही. तो पट्टा सवयीने आलेला नाही; सवयीचा खेळ त्याच्या आत चालतो.

वयाचा मुद्दाही इथेच उरकून घेतो. मुले जलद टिचकी मारतात आणि वय वाढते तशी टिचकी सावकाश होते, हे २००६ मध्ये मॅकॉली आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांपासून नव्वदीच्या पुढच्या वृद्धांपर्यंत तपासले आहे. मुलांचे हृदयही जलद असते, त्यामुळे हृदयपक्षाला क्षणभर हुरूप येईल. परंतु पंचविशीपासून पंचाहत्तरीपर्यंत विश्रांतीतली हृदयगती फारशी बदलत नाही आणि टिचकी मात्र मंदावत जाते. तेव्हा ‘हल्लीचे गाणे पळते’ ही तक्रार अगदीच खोटी नाही, तिला शरीराचा आधार आहे. फक्त तो तक्रार करणाऱ्याच्या शरीरात आहे. साठीला आलेला मी हे स्वतःला धरून म्हणतो : माझ्या विद्यार्थ्याने धरलेला मध्यलयीचा ठेका मला अलीकडे चढा वाटतो आणि माझा त्याला झोपाळू.

जुन्या ध्वनिमुद्रिकांचा पुरावा दोन्ही पक्ष देतात आणि तो कोणाच्याच कामाचा नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. गायकाने त्यात स्थायी, अंतरा आणि ताना कोंबायच्या तर लय चढी धरणे भाग होते. त्यात सुरुवातीच्या काळात फेऱ्यांचा वेगही सगळीकडे सारखा नव्हता, आणि चुकीच्या वेगाने वाजवलेली तबकडी लय व पट्टी दोन्ही बदलते. तिच्यावरून मैफलीची लय काढणे म्हणजे पासपोर्टच्या छायाचित्रावरून माणसाची उंची सांगण्यासारखे आहे.

राहिली आठवण, आणि मला वाटते या संपूर्ण वादाचे खरे बीज तिथेच आहे. डॅनियल लेविटिन आणि पेरी कुक यांनी १९९६ मध्ये ४६ जणांना त्यांच्या आवडीची लोकप्रिय गाणी मनातून गायला सांगितली. ७२ टक्के गायन मूळ ध्वनिमुद्रणाच्या लयीपासून आठ टक्क्यांच्या आत होते. (७२ हा आकडा या वादात शेवटी आलाच, पण टक्क्यांत.) यातले काही जण संगीत मुळीच शिकलेले नव्हते. बर्गसन आणि ट्रेहब यांनी २००२ मध्ये आयांनी आपल्या बाळांना वेगवेगळ्या दिवशी म्हटलेली तीच गाणी तपासली, तर लयीतला फरक सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास. त्या दोन दिवसांत त्या आयांची हृदये तीनच टक्क्यांनी बदलली असतील का? एक दिवस झोप झालेली, एक दिवस न झालेली. एकदा जेवण होऊन, एकदा भाजी गॅसवर ठेवून. तरी अंगाई आपल्या जागी. आठवण नाडीला विचारून येत नसते.

ती कुठे राहते, याचा एक नमुना माझ्या घरातला आहे. माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी येत. महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांच्या कामाविषयी मी वाचले होते, त्या उत्साहात मी तिला पुण्याच्या आमच्या दिवाणखान्यात खुर्चीवर बसवून ध्वनिमुद्रणयंत्र समोर ठेवले. तिने दोन ओव्या म्हटल्या आणि थांबली. शब्द आठवत होते, पण ओवी ‘बसत’ नाही म्हणाली. कधी ओढली जाई, कधी शेवटचा शब्द घाईने पडे. मग ती आपणहून खाली जमिनीवर बसली, एक पाय लांब केला, उजव्या हाताची मूठ खुंटा धरल्यासारखी केली आणि रिकामी फरशी दळू लागली. चौथ्या फेऱ्याला ओवी लागली आणि पुढे पाऊण तास हलली नाही. मध्येच डावा हात आपोआप सुपाकडे जाई, जिथे सूप नव्हते, आणि घास घालण्याएवढी जागा ओवीत पडे. मी मुद्रण ऐकतो तेव्हा ती जागा आजही ऐकू येते. त्या ओवीची लय दगडाच्या वजनाने, हाताच्या लांबीने आणि धान्याच्या घासाने ठरवलेली होती; चाळीस वर्षांपूर्वी मोडीत गेलेले जाते तिच्या दंडात फिरत होते. ही लय नैसर्गिक की सवयीची, असा प्रश्न आत्याला विचारला असता तर तिने मला दळायला बसवले असते.

म्हणून त्या स्पर्धेतल्या संघाचे गुण कापायचेच असतील तर कापायला खरी कारणे आहेत, आणि मी परीक्षक असतो तर ती लिहिली असती : त्या लयीत जोडाक्षरे चिरडली गेली, मागच्या रांगेतल्या मुलांची टाळी पुढच्यांच्या मागे पडत होती, शेवटच्या कडव्याला श्वास पुरला नाही. ही कारणे तपासता येतात, त्यांवर वाद घालता येतो, आणि मुले ती पुढच्या वर्षी सुधारू शकतात. ‘अनैसर्गिक’ या शेऱ्यावर काय सुधारणार, हृदय? त्याचप्रमाणे मुलांनीही ‘सगळी सवय’ म्हणून हात झटकण्याआधी तीच आरती आपल्याच लयीत, चालत चालत, पन्नास पावले म्हणून पाहावी. कुठे पाऊल अडते तिथे शब्दही अडलेला सापडेल.

परीक्षक माझे जुने स्नेही आहेत. हे सारे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘आकडे तुमचे, पण माझा अनुभव माझ्याजवळ आहे, मी नाडीवरच गातो.’ मी म्हटले, अण्णा, मग आत्ताच पाहू. त्यांनी डाव्या मनगटावर तीन बोटे ठेवली, दहा-बारा ठोके मनात मोजले, डोळे मिटले आणि त्यांची आवडती भीमपलासातली मध्यलयीची चीज सुरू केली. छान गायले. दुसऱ्या आवर्तनाला उजव्या पायाचा अंगठा सतरंजीवर पडू लागला, समेला बोटे मनगटावरून सुटली आणि तो हात वर येऊन हवेत दाद देऊन परत मांडीवर पडला. चीज संपल्यावर मी विचारले, ठोके किती झाले होते? त्यांनी पुन्हा मनगट चाचपायला सुरुवात केली. अंगठा अजून सतरंजीवर चालूच होता.